लिनक्सवर गेमिंग: पायापासून वर चढत जा

गेम सुरूच होत नाही म्हणून प्रोटॉनची (विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणारं साधन) चौथी-पाचवी आवृत्ती बदलून पाहणाऱ्याच्या यंत्रावर कित्येकदा ग्राफिक्स ड्रायव्हरच नीट बसलेला नसतो. गेम अडखळतो म्हणून नवा कर्नल (सिस्टीमचा गाभा) शोधत बसलेल्याने गेम जुन्या एनटीएफएस विभागावर, म्हणजे विंडोजच्या फाइल व्यवस्थेवर, ठेवलेला असतो. लिनक्सवरच्या गेमिंगमध्ये प्रत्येक थर खालच्या थरावर उभा असतो. खालचा थर कच्चा राहिला, तर वर कितीही खटपट केली तरी हाती काही लागत नाही. म्हणून इथे खालून वर जायचं आहे: आधी तुमचे गेम, मग कार्ड, डिस्ट्रो (लिनक्सचा कोणता प्रकार टाकायचा ते), ड्रायव्हर, डिस्क, स्टीम (व्हॉल्व्ह कंपनीचं गेमचं दुकान आणि लाँचर), आणि सगळ्यात शेवटी बारीक दुरुस्त्या.

आज्ञा आणि फाइलींची नावं इथे देवनागरीत लिहिली आहेत. टाइप करताना ती रोमन अक्षरांत आणि इंग्रजी अंकांत टाइप करायची. अक्षरं कॅपिटल लागतात तिथे तसं सांगितलं आहे, बाकी सगळी लहान.

विंडोजचा गेम इथे चालतो तो कसा

वाइन हा प्रकल्प १९९३ पासून चालू आहे. विंडोजचा प्रोग्राम जे काही मागतो (फाइल उघड, खिडकी दाखव, मेमरी दे) त्या मागण्या तो लिनक्सला समजतील अशा करून देतो. प्रोसेसरची नक्कल कुठेच होत नाही, म्हणून वेग फारसा जात नाही. खरी अडचण ग्राफिक्सची होती, कारण कार्डाला चित्र काढायला सांगण्याची भाषा वेगळी: विंडोजचे गेम डायरेक्टएक्समध्ये बोलतात आणि लिनक्स व्हल्कनमध्ये. डीएक्सव्हीके डायरेक्टएक्स ८ ते ११ चं व्हल्कनमध्ये रूपांतर करतो, तर डायरेक्टएक्स १२ साठी व्हीकेडी३डी-प्रोटॉन आहे. या सगळ्याची एकत्र मोट बांधून व्हॉल्व्हने ऑगस्ट २०१८ मध्ये स्टीममध्ये प्रोटॉन आणला. फेब्रुवारी २०२२ मध्ये स्टीम डेक हे व्हॉल्व्हचं हातात धरून खेळायचं यंत्र बाजारात आलं आणि या कामाला वेग मिळाला, कारण आता एक विकाऊ यंत्र पूर्णपणे त्यावर अवलंबून होतं.

यातून एक गोष्ट लक्षात ठेवायची: व्हल्कन नीट नसेल तर प्रोटॉनही नीट नसतो.

पहिली पायरी: गेमची यादी

डिस्कला हात लावण्याआधी कागद घ्या आणि तुम्ही खरोखर खेळता ते गेम लिहून काढा. प्रत्येक नाव प्रोटॉनडीबी या संकेतस्थळावर शोधा. तिथे प्लॅटिनम, गोल्ड, सिल्व्हर, ब्राँझ आणि बोर्क्ड (न चालणारा) अशा श्रेण्या दिसतील. नुसत्या श्रेणीवर जाऊ नका. खालचे अलीकडचे अभिप्राय वाचा, आणि त्यातही तुमच्याच कंपनीचं कार्ड असलेल्यांचे. दोन वर्षांपूर्वीचा 'चालत नाही' हा शेरा आज बहुधा निरुपयोगी असतो.

एकट्याने खेळायच्या गेमची फार काळजी नको. अडतं ते ऑनलाइन स्पर्धेच्या गेममध्ये, आणि त्याचं कारण अँटी-चीट, म्हणजे खेळातली फसवणूक पकडणारा प्रोग्राम. काही अँटी-चीट विंडोजच्या कर्नलमध्ये आपला ड्रायव्हर बसवतात. वाइनमध्ये विंडोजचा कर्नल नाहीच, त्यामुळे त्यांना बसायला जागा नाही. व्हॅलोरंट आणि लीग ऑफ लेजेंड्स वापरतात तो व्हॅनगार्ड याच प्रकारचा. इझी अँटी-चीट आणि बॅटलआय यांनी २०२१ पासून प्रोटॉनसाठी सोय केली आहे, पण ती चालू करायची की नाही हे त्या-त्या गेमचा निर्माता ठरवतो. फोर्टनाइट आणि डेस्टिनी २ च्या निर्मात्यांनी ती चालू केलेली नाही. एपेक्स लेजेंड्स आधी चालायचा, २०२४ मध्ये लिनक्सवरून प्रवेश बंद झाला. जीटीए ५ ची कथा एकट्याने खेळता येते, पण त्याच्या ऑनलाइन भागावर २०२४ मध्ये बॅटलआय आला आणि तो भाग लिनक्सवर बंद पडला. काउंटर-स्ट्राइक २ आणि डोटा २ मात्र थेट लिनक्ससाठीच उपलब्ध आहेत.

'आर वी अँटी-चीट येट' या संकेतस्थळावर गेमनिहाय सद्यस्थिती मिळते. तुमचा मुख्य गेम तिथे 'नाकारला' असा असेल, तर कोणतीही युक्ती शोधू नका. आभासी यंत्रात विंडोज चालवून अशा गेममध्ये शिरायला गेलं तर खातं कायमचं बंद होण्याचा धोका आहे. त्या एका गेमपुरतं विंडोज वेगळ्या डिस्कवर राहू द्या, हाच शहाणपणाचा मार्ग.

कार्ड काय म्हणतं

सध्याच्या डीएक्सव्हीकेला व्हल्कन १.३ लागतं. एनव्हिडियाच्या केप्लर पिढीचा (जीटीएक्स ६०० आणि ७०० मालिकेतली बहुतेक कार्डं) शेवटचा ड्रायव्हर ४७० आणि तो व्हल्कन १.२ वरच थांबतो. म्हणजे तिथे नवा प्रोटॉन निरुपयोगी, फार तर प्रोटॉन ७ पर्यंतच्या जुन्या आवृत्त्या वापरता येतील. मॅक्सवेल आणि पास्कल पिढीला, म्हणजे जीटीएक्स ९०० आणि १००० मालिकेला, ५८० ही ड्रायव्हरची शेवटची शाखा आहे. अशा कार्डावर पॅकेज निवडताना '५८०' हा आकडा बघूनच निवडा. त्यापुढची शाखा टाकली तर कार्ड ओळखलंच जाणार नाही.

एएमडीच्या कार्डांना वेगळा ड्रायव्हर लागत नाही. कर्नलमधला एएमडीजीपीयू आणि मेसामधला (खुल्या ग्राफिक्स ड्रायव्हरांचा संच) आरएडीव्ही एवढ्यावर काम भागतं, आणि दोन्ही डिस्ट्रोबरोबरच येतात. याची दुसरी बाजू अशी की कार्ड जितकं नवं, तितका कर्नल आणि मेसाही नवा लागतो. आरएक्स ९०७० साठी मेसा किमान २५.० हवा. दोन वर्षांपूर्वीच्या प्रतिमेवरून (इन्स्टॉलसाठी उतरवायची फाइल) सिस्टीम टाकली तर असं कार्ड निव्वळ चित्र दाखवण्यापुरतं चालेल.

एएमडीची एक गाठ अजून सुटायची आहे. एचडीएमआय २.१ चा तपशील खुल्या ड्रायव्हरमध्ये वापरू द्यायला एचडीएमआय फोरमने २०२४ मध्ये नकार दिला. त्यामुळे ४के रिझोल्यूशनवर १२० हर्ट्झ पूर्ण रंगांसह हवं असेल तर डिस्प्लेपोर्टची केबल लावा. टीव्हीला डिस्प्लेपोर्ट नसतो, म्हणून मोठ्या टीव्हीवर खेळणाऱ्यांनी हे आधीच ध्यानात घ्यावं.

डिस्ट्रो निवडताना

यावर वाद फार आणि फरक थोडा. सगळीकडे तोच कर्नल, तोच मेसा, तोच प्रोटॉन. बदलतं ते एवढंच की हे भाग किती ताजे आहेत आणि बिघडल्यावर मागे जाणं किती सोपं आहे.

यंत्र प्रामुख्याने गेमसाठी असेल तर बॅझाइट घ्या. तो फेडोराच्या अपरिवर्तनीय प्रकारावर बांधलेला आहे. मूळ सिस्टीम एकसंध प्रतिमा म्हणून येते, आणि अपडेट बिघडला तर सुरू होताना मेन्यूतून आधीची प्रतिमा निवडली की झालं. स्टीम आणि एनव्हिडियाचा ड्रायव्हर आधीच आत असतो, फक्त डाउनलोड करताना आपल्या कार्डाची प्रतिमा निवडायची. रोजचं कामही याच यंत्रावर असेल आणि कार्ड दोनेक वर्षं जुनं असेल, तर लिनक्स मिंट शांतपणे चालतो. ताजेपणा आणि मोकळीक दोन्ही हवं असेल तर फेडोरा किंवा नोबारा. कॅचीओएस आर्चवर आधारलेला आणि चपळ आहे, पण तिथे अपडेटच्या आधी सूचना वाचण्याची सवय लागते. ती सवय नसेल तर त्याच्या वाटेला जाऊ नका.

विंडोजच्या शेजारी बसवताना

शक्य असेल तर दुसरी एसएसडी लावा आणि लिनक्स तिच्यावर टाका. एकाच डिस्कवर दोन्ही ठेवता येतात, पण विंडोजचा मोठा अपडेट कधी कधी सुरू होण्याचा क्रम बदलून टाकतो.

१. विंडोजमध्ये बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारी सोय) चालू आहे का पाहा. असेल तर त्याची रिकव्हरी की दुसऱ्या जागी लिहून ठेवा. बायोसमध्ये काही बदल केला की विंडोज ती हमखास मागतं.

२. विंडोजचं 'फास्ट स्टार्टअप' बंद करा. ते चालू असलं की विंडोज पूर्ण बंद होत नाही, अर्धवट झोपतं, आणि लिनक्समधून ती डिस्क फक्त वाचता येते.

३. एकच डिस्क असेल तर जागा विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमधूनच मोकळी करा. गेमसाठी २०० जीबीच्या खाली जाऊ नका, कारण आजचा एकेक मोठा गेम १०० जीबीच्या पुढे जातो.

४. पेनड्राइव्ह १६ जीबीचा घ्या. व्हेंटॉय, फेडोरा मीडिया रायटर किंवा बॅलेनाएचर, यांपैकी कशानेही प्रतिमा लिहा. लिहिण्याआधी चेकसम (फाइल नीट उतरली का ते पडताळणारा आकडा) जुळवा. अर्धवट उतरलेली प्रतिमा इन्स्टॉलच्या मध्यावर दगा देते आणि दोष भलत्याच गोष्टीवर जातो.

५. इन्स्टॉल करताना फाइल सिस्टीम एक्सटी४ किंवा बीटीआरएफएस ठेवा.

नंतर विंडोजमध्ये घड्याळ काही तास पुढे-मागे दिसलं तर घाबरू नका. लिनक्स मदरबोर्डवरचं घड्याळ जागतिक वेळेवर ठेवतं, विंडोज स्थानिक वेळेवर. लिनक्समध्ये 'टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी १' ही आज्ञा एकदा दिली की दोघं जुळतात.

ड्रायव्हर: इथे घाई नको

एएमडी आणि इंटेलवाल्यांनी सिस्टीम पूर्ण अपडेट करून यंत्र पुन्हा सुरू करायचं, बस. एनव्हिडियावाल्यांनी मात्र हा भाग सावकाश वाचावा.

मिंटमध्ये 'ड्रायव्हर मॅनेजर' आणि उबुंटूत 'अतिरिक्त ड्रायव्हर' या खिडकीत 'शिफारस केलेला' असं लिहिलेला ड्रायव्हर निवडा. एनव्हिडियाच्या संकेतस्थळावरून फाइल उतरवून हाताने बसवू नका. ती पॅकेज व्यवस्थेच्या नजरेबाहेर राहते आणि पुढचा कर्नल आला की काळा पडदा देते. फेडोरात आरपीएम फ्यूजन हे जादा पॅकेजांचं भांडार जोडून 'एकेमॉड-एनव्हिडिया' टाका. इथे सगळ्यात जास्त लोक फसतात. पॅकेज बसलं असं टर्मिनल सांगतं, पण मॉड्यूल (ड्रायव्हरचा कर्नलमध्ये बसणारा भाग) त्यानंतर मागे संकलित होत असतं आणि त्याला काही मिनिटं लागतात. त्याआधी यंत्र पुन्हा सुरू केलं तर ड्रायव्हर अर्धवट राहतो. पाचेक मिनिटं थांबा आणि 'मॉडइन्फो -एफ व्हर्जन एनव्हिडिया' अशी आज्ञा द्या (यातलं एफ कॅपिटल). आवृत्तीचा आकडा उमटला की मगच पुन्हा सुरू करा. चूक दाखवली तर अजून थांबा.

आरटीएक्स ५० मालिकेच्या कार्डांना फक्त खुलं कर्नल मॉड्यूल चालतं. मिंट आणि उबुंटूत पॅकेजच्या नावात 'ओपन' हा शब्द आहे ना, ते बघा.

आता सिक्युअर बूट. ते चालू असेल तर कर्नल फक्त सही असलेली मॉड्यूल घेतो, आणि तुमच्याच यंत्रावर तयार झालेल्या मॉड्यूलची सही त्याला अनोळखी असते. म्हणून इन्स्टॉलर तुम्हाला एक पासवर्ड ठरवायला सांगतो. यंत्र पुन्हा सुरू झालं की निळ्या पार्श्वभूमीवर साध्या अक्षरांतला एक मेन्यू येतो. तो जेमतेम दहा सेकंद थांबतो. कोणतीही कळ दाबा, 'एन्रोल एमओके' निवडा, मग 'कंटिन्यू', मग 'येस', मग तो पासवर्ड, आणि शेवटी 'रीबूट'. पासवर्ड टाइप करताना पडद्यावर काहीच उमटत नाही आणि कीबोर्ड अमेरिकी मांडणीचा असतो, म्हणून पासवर्ड साध्या लहान अक्षरांचाच ठेवा. बॅझाइटमध्ये तो आधीच ठरलेला आहे: 'युनिव्हर्सलब्लू', सलग लहान अक्षरांत. हा मेन्यू चुकला तर यंत्र निमूटपणे ड्रायव्हरशिवाय सुरू होतं, पडदा कमी रिझोल्यूशनचा दिसतो, आणि लोक ड्रायव्हरच पुन्हा पुन्हा टाकत बसतात.

आता तपासणी. कोणतंही कार्ड असो, ही चुकवू नका. 'व्हल्कन-टूल्स' हे पॅकेज टाका आणि टर्मिनलमध्ये 'व्हल्कनइन्फो --समरी' चालवा. यादीत तुमच्या कार्डाचं नाव आणि व्हल्कनची आवृत्ती १.३ किंवा पुढची दिसली पाहिजे. नुसतंच 'एलएलव्हीएमपाइप' दिसत असेल, तर चित्र प्रोसेसर काढतोय, कार्ड रिकामं बसलंय. यापुढे एक पाऊलही टाकू नका, आधी हे सोडवा.

लॅपटॉपवर दोन कार्डं असतील तर यादीत दोन्ही दिसतील. गेम चुकीच्या कार्डावर गेला तर एनव्हिडियासाठी 'प्राइम-रन' आणि एएमडीसाठी 'डीआरआय_प्राइम=१' (अक्षरं कॅपिटल) हे गेमच्या लाँच ऑप्शनमध्ये लावायचं असतं. ते कसं, हे पुढे येतंय.

गेम कुठे ठेवायचे

विंडोजमध्ये आधीच उतरवलेले गेम त्याच एनटीएफएस डिस्कवरून लिनक्समध्ये चालवावेत, हा मोह सगळ्यांना होतो. तो टाळा. प्रोटॉन प्रत्येक गेमसाठी एक छोटं विंडोजसारखं घर बांधतो, त्याला प्रीफिक्स म्हणतात. त्यात 'सी:' आणि 'झेड:' अशा नावाचे दुवे असतात. नावातलं ते अपूर्णविरामाचं चिन्ह (:) विंडोजच्या नियमात बसत नाही. मग कधी प्रीफिक्स तयार होत नाही, कधी विंडोजची डिस्क तपासणी ते दुवे मोडून टाकते. परवानग्यांचा घोळ वेगळाच.

गेमसाठीची डिस्क एक्सटी४ मध्ये फॉरमॅट करा आणि 'डिस्क्स' या प्रोग्राममधून ती यंत्र सुरू होतानाच जोडली जाईल असं ठरवा. पर्यायांत 'नोफेल' ठेवा, म्हणजे डिस्क काढली तरी यंत्र अडणार नाही. स्टीमने 'एक्झिक्यूट परवानगी नाही' अशी तक्रार केली तर जोडणीच्या पर्यायांत 'एक्झेक' हा शब्द घाला. डिस्कचा मालक रूट (सिस्टीमचा मुख्य वापरकर्ता) राहिला असेल तर स्टीमला तिथे लिहिता येत नाही, म्हणून मालकी आपल्या नावावर करून घ्या.

स्टीम आणि प्रोटॉन

स्टीम डिस्ट्रोच्या स्वतःच्या भांडारातून घ्या. फ्लॅटपॅकही (कोणत्याही डिस्ट्रोवर चालणारं बंदिस्त पॅकेज) चांगला चालतो, पण त्याला दुसऱ्या डिस्का आपोआप दिसत नाहीत. फ्लॅटसील हा परवानग्यांचा प्रोग्राम उघडून त्या फोल्डरची परवानगी द्यावी लागते. उबुंटूतला स्नॅप (तशाच प्रकारचं पॅकेज) टाळा. स्टीमचा क्लायंट अजून ३२-बिट भागांवर अवलंबून आहे, म्हणून आर्चच्या घराण्यात 'मल्टीलिब' आणि डेबियनच्या घराण्यात 'आय३८६' चालू असणं गरजेचं. स्टीम उघडता उघडता गायब होत असेल तर ग्राफिक्स ड्रायव्हरचा ३२-बिट भाग राहिला आहे का, हे पहिलं पाहा.

लॉग इन झाल्यावर सेटिंग्जमधल्या 'कम्पॅटिबिलिटी' भागात जा आणि सगळ्या गेमसाठी स्टीम प्ले (प्रोटॉन वापरण्याची सोय) चालू करा. नव्या क्लायंटमध्ये ते आधीच चालू असतं. मग गेम विंडोजवर उतरवता तसाच उतरवा आणि 'प्ले' दाबा. बहुतेक गेमचं काम इथेच संपतं.

प्रोटॉनच्या आवृत्तींचा गोंधळ मात्र समजून घ्यायला हवा. क्रमांक असलेली आवृत्ती स्थिर. 'एक्सपेरिमेंटल'मध्ये नव्या गेमसाठीच्या दुरुस्त्या आधी येतात, म्हणून नुकत्याच आलेल्या गेमसाठी ती निवडा. 'जीई-प्रोटॉन' ही समाजाने चालवलेली आवृत्ती आहे. तिच्यात व्हिडिओ चालवण्याचे जादा घटक आणि काही गेमसाठीच्या खास दुरुस्त्या असतात. गेममधले मधले प्रसंग काळे दिसतात किंवा रंगीत पट्ट्यांची चाचणीची चौकट दिसते, तेव्हा तीच कामी येते. ती प्रोटॉनअप-क्यूटी किंवा प्रोटॉनप्लस यातून दोन क्लिकमध्ये बसते, त्यानंतर स्टीम पूर्ण बंद करून पुन्हा उघडावा लागतो. गेमवर उजवी क्लिक, 'प्रॉपर्टीज', 'कम्पॅटिबिलिटी', तिथे खूण करा आणि आवृत्ती निवडा. आवृत्ती सगळ्या गेमसाठी एकदम बदलू नका. जो गेम अडलाय त्याचीच बदला.

काही गेमची थेट लिनक्स आवृत्ती असते, पण निर्मात्याने तिच्याकडे वर्षानुवर्षं पाहिलेलं नसतं. विंडोजवर खेळणाऱ्या मित्राशी आवृत्ती जुळत नाही, सेव्ह मागेपुढे होतात. अशा वेळी त्याच जागी प्रोटॉन निवडला की स्टीम विंडोजची आवृत्ती उतरवून देतो, आणि बरेचदा तीच जास्त नीट चालते.

एपिक, गॉग आणि ॲमेझॉनच्या गेमसाठी हिरोइक हा लाँचर पुरेसा आहे. बाकी लाँचर आणि जुन्या डिस्कवरचे गेम यांसाठी लुट्रिस किंवा बॉटल्स.

अडखळणं मोजा, मग उपाय करा

'गेम अडकतो' या दोन शब्दांत चार वेगवेगळे आजार असतात. मँगोहड टाका. गेमच्या प्रॉपर्टीजमधल्या 'लाँच ऑप्शन्स'च्या चौकटीत 'मँगोहड %कमांड%' असं लिहा. '%कमांड%' म्हणजे खुद्द गेम. त्याच्या आधी जे येतं ते गेमच्या भोवती चालतं, नंतर येतं ते गेमला दिलं जातं. अनेक गोष्टी लावायच्या असतील तर त्या एकामागोमाग लिहायच्या आणि '%कमांड%' एकदाच.

पडद्याच्या कोपऱ्यात आता आकडे आणि एक रेघ दिसेल. फ्रेमच्या संख्येपेक्षा त्या रेघेकडे पाहा. सेकंदाला ६० फ्रेम म्हणजे प्रत्येक फ्रेमला १६.७ मिलिसेकंद. रेघ सपाट असेल तर ४५ फ्रेमसुद्धा सुखाने खेळता येतात, रेघेत सुळके असतील तर ९० फ्रेमही टोचतात.

सुळके नव्या जागेत पाऊल टाकताच येतात आणि त्याच जागी दुसऱ्यांदा येत नाहीत, तर ते शेडर (कार्डावर चालणारे छोटे प्रोग्राम) संकलनाचे. स्टीमच्या डाउनलोड सेटिंग्जमध्ये शेडर प्री-कॅशिंग चालू ठेवा आणि गेमच्या आधी 'प्रोसेसिंग व्हल्कन शेडर्स' असं येतं तेव्हा ते वगळू नका. ड्रायव्हर बदलला की साठवलेले शेडर बाद होतात, त्यामुळे अपडेटनंतरचा पहिला अर्धा तास खडबडीत जाणं स्वाभाविक आहे. त्या अर्ध्या तासावरून ड्रायव्हरला नावं ठेवू नका.

कार्डाचा वापर सतत ९८-९९ टक्के असेल तर कार्ड पूर्ण राबतंय. सेटिंग कमी करा किंवा एफएसआर, डीएलएसएस (लहान चित्र काढून मोठं करणाऱ्या सोयी) लावा. कार्ड ६० टक्क्यांवर आणि प्रोसेसरचा एखादा गाभा १०० वर असेल तर चित्राची गुणवत्ता घटवून काही होणार नाही. गर्दी, सावल्या आणि दृश्याचं अंतर कमी करा. कार्डाची मेमरी काठोकाठ भरलेली दिसली तर टेक्स्चर एक पायरी खाली आणा. ही एक पायरी पुष्कळदा बाकी सगळ्या खटपटींपेक्षा जास्त देते.

गेममोड (लाँच ऑप्शनमध्ये 'गेममोडरन') खेळताना प्रोसेसरला पूर्ण वेगावर ठेवतो. लॅपटॉपवर फरक जाणवतो, डेस्कटॉपवर फार अपेक्षा ठेवू नका. एनव्हिडियावर डायरेक्टएक्स १२ चे गेम विंडोजपेक्षा काहीसे मागे पडतात. त्याच गेममध्ये डायरेक्टएक्स ११ किंवा व्हल्कनचा पर्याय असेल तर तो लावून मोजून पाहा.

कर्नल ६.१४ पासून एनटीसिंक हा भाग आला आहे. अनेक धाग्यांवर चालणारे गेम एकमेकांची वाट कशी पाहतात, ते विंडोजच्या पद्धतीने थेट कर्नलमध्येच हाताळलं जातं. प्रोसेसरवर अडणाऱ्या गेमना त्याचा उपयोग होतो, तोही प्रोटॉनची आवृत्ती ते वापरत असेल तरच.

पडदा, कंट्रोलर, आवाज

बदलत्या रिफ्रेश दरासाठी आणि एचडीआरसाठी केडीई प्लाझ्मा ६ हा डेस्कटॉप वेलँडवर (पडद्यावर खिडक्या दाखवणारी नवी व्यवस्था) वापरा. एनव्हिडियावर वेलँडमध्ये चित्र लुकलुकत असेल तर ड्रायव्हर ५५५ पेक्षा जुना नाही ना, ते पाहा. खिडकी भलत्याच आकारात उघडते किंवा माउस दुसऱ्या पडद्यावर निसटतो, तेव्हा गेमस्कोप (गेमला स्वतंत्र पडदा देणारा प्रोग्राम) हा उपाय: 'गेमस्कोप -डब्ल्यू २५६० -एच १४४० -आर १४४ -एफ -- %कमांड%'. यात डब्ल्यू आणि एच कॅपिटल, आर आणि एफ लहान.

एक्सबॉक्सचा कंट्रोलर तारेने लावला की लगेच चालतो. ब्लूटूथवर थरथराट आणि बटणांची गडबड झाली तर एक्सपॅडनिओ हा ड्रायव्हर, आणि त्याच्या स्वतःच्या वायरलेस डाँगलसाठी एक्सोन हा ड्रायव्हर. प्लेस्टेशन ५ चा ड्युअलसेन्स कर्नल ५.१२ पासून ओळखला जातो. फ्लॅटपॅकच्या स्टीमला कंट्रोलर दिसत नसेल तर 'स्टीम-डिव्हायसेस' पॅकेज टाका.

आवाज तडतडत असेल तर लाँच ऑप्शनमध्ये 'पल्स_लेटन्सी_एमएसईसी=६०' हे कॅपिटलमध्ये, '%कमांड%'च्या आधी.

गेम उघडतच नाही

एका वेळी एकच बदल, आणि प्रत्येक बदलानंतर गेम एकदा चालवून पाहायचा. चार गोष्टी एकदम बदलल्या तर कशाने सुटलं हे कळत नाही, आणि पुढच्या अपडेटला तोच घोळ पुन्हा.

आधी 'प्रॉपर्टीज'मधून फाइलींची पडताळणी करा. मग प्रोटॉन एक्सपेरिमेंटल, मग जीई-प्रोटॉन. लाँच ऑप्शन्समध्ये कुठून तरी उचललेलं काही पडून असेल तर ते पूर्ण रिकामं करा. जुन्या सल्ल्यातले पर्याय नव्या प्रोटॉनला अडवतात, हे फार वेळा दिसतं.

तरी होत नसेल तर प्रीफिक्स नवा करा. घरच्या फोल्डरात '.लोकल', त्यात 'शेअर', त्यात 'स्टीम' (पहिलं अक्षर कॅपिटल), मग 'स्टीमॲप्स' आणि 'कॉम्पॅटडेटा'. तिथे आकड्यांच्या नावाची फोल्डर दिसतील. गेमच्या स्टोअर पानाच्या पत्त्यातला आकडा ज्या फोल्डरचा, ते त्या गेमचं. ते पुसू नका, त्याचं नाव बदला. कारण ज्या गेमना स्टीम क्लाउड नाही, त्यांचे सेव्ह याच्याच पोटात असतात: 'पीएफएक्स', 'ड्राइव्ह_सी', 'यूजर्स', 'स्टीमयूजर' या वाटेने. गेम उघडला की सेव्ह जुन्यातून नव्यात आणता येतात.

पुढची पायरी नोंद वाचण्याची. लाँच ऑप्शन्समध्ये 'प्रोटॉन_लॉग=१ %कमांड%' लिहा ('%कमांड%' सोडून बाकी अक्षरं कॅपिटल). गेम चालवा, बंद पडू द्या. घरच्या फोल्डरात 'स्टीम-' आणि गेमचा आकडा अशा नावाची फाइल तयार होते. ती हजारो ओळींची असते, पण शेवटच्या शंभर ओळींपासून वर जायचं. 'नो ॲडॅप्टर्स फाउंड' दिसलं तर डीएक्सव्हीकेला कार्ड सापडलेलं नाही. पुन्हा 'व्हल्कनइन्फो'कडे जा. एखादी डीएलएल (विंडोजच्या प्रोग्रामला लागणारी जोडफाइल) सापडत नाही असं असेल तर प्रोटॉनट्रिक्समधून ती त्याच गेमच्या प्रीफिक्समध्ये टाका.

मोठे गेम खेळता खेळता कोणत्याही संदेशाशिवाय बंद पडत असतील, तर मेमरीच्या नकाशांची मर्यादा पाहा. कर्नलची मूळ मर्यादा ६५५३० आहे आणि काही गेमना ती पुरत नाही. फेडोरा ३९ आणि उबुंटू २४.०४ पासून ती वाढवलेली आहे. जुन्या डिस्ट्रोवर 'इटीसी'मधल्या 'सिसकटीएल.डी' फोल्डरात '.कॉन्फ'ने संपणाऱ्या नावाची फाइल करून त्यात 'व्हीएम.मॅक्स_मॅप_काउंट=१०४८५७६' ही एक ओळ लिहायची आणि यंत्र पुन्हा सुरू करायचं.

अपडेटच्या आधी

बीटीआरएफएस असेल तर टाइमशिफ्ट किंवा स्नॅपर लावून प्रत्येक अपडेटच्या आधी स्नॅपशॉट निघेल असं ठरवा. एक्सटी४ वर निदान आधीचा कर्नल काढून टाकू नका. नव्या कर्नलवर एनव्हिडियाचं मॉड्यूल तयार झालं नाही, तर सुरू होतानाच्या मेन्यूतून जुना कर्नल निवडून त्याच संध्याकाळी खेळता येतं, दुरुस्ती मग सवडीने. आणि स्टीम क्लाउड नसलेल्या गेमच्या सेव्हची फोल्डर एखाद्या बाहेरच्या डिस्कवर ठेवा, कारण गेम काढून टाकताना स्टीम त्याचा प्रीफिक्सही बरोबर पुसून टाकू शकतो.